मला बाई व्हायचंय!

तुमच्या घरात पाच-सहा वर्षांचं मूल असेल, तर सुट्टीच्या दुपारी ‘शाळा-शाळा’ चालू असणारच. उशा भिंतीला टेकून ओळीने बसलेल्या, एखादं अस्वल शिक्षा म्हणून दारात उभं, आणि आईची ओढणी पदरासारखी खांद्यावर टाकलेली बाई एका उशीला दरडावून विचारतेय, “काल का नाही आलीस गं?” हातातलं काम बाजूला ठेवून जरा ऐका. पालकसभेत आम्ही जे सांगतो त्याहून जास्त खरं तिथे कळतं. बाईंचा आवाज कुठे चढतो, प्रश्न आधी कुणाला जातो, चुकलं की त्या काय म्हणतात, सगळ्याची हुबेहूब नक्कल तुमच्या घरात चालू असते. उशांच्या पाठीत पट्टी फार बसत असेल तर शाळेत येऊन चौकशी करा. हे मी स्वतः शिक्षिका असूनही सांगते.

हा खेळ सगळीच मुलं खेळतात आणि बहुतेक सगळी सोडून देतात. मला बोलायचंय ते न सोडणाऱ्यांबद्दल. आठवी-नववीत एक दिवस जेवताना मूल म्हणतं, “मला शिक्षक व्हायचंय.” आणि ताटावरचे सगळे एकमेकांकडे बघतात. बाबा म्हणतात, “एवढे मार्क पडतात आणि मास्तरकी करणार?” आजी म्हणते, “मुलीला बरी आहे हो नोकरी, घर सांभाळून होते.” कॉलेजातला मोठा भाऊ हसतो. मुलाच्या लक्षात येतं की आपण काहीतरी चुकीचं बोललो, आणि विषय बदलतो.

गेल्या वर्षी एक आई सभा संपल्यावर मागे थांबल्या. मुलगी माझ्याच वर्गात, गणितात हुशार. म्हणाल्या, “बाई, तुमचं ऐकते ती. तुम्हीच समजवा. बाई व्हायचंय म्हणते!” मग आपण हे कुणाला सांगतोय ते ध्यानात आलं आणि त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. मला हसू आलं. राग येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्यांची काळजी खोटी नव्हती आणि तिच्याबद्दल मी पुढे बोलणार आहे, आकड्यांसकट. पण त्याआधी मुलाला हे वेड लागतं कुठून, ते तरी बघू.

आपला समज असा, की एखाद्या प्रेमळ शिक्षकाचा लळा लागतो आणि मूल म्हणतं, मलाही असं व्हायचंय. मला हे फारसं पटत नाही. प्रेमळ शिक्षक पुष्कळांना भेटतात. ती मुलं मोठी होऊन त्यांना वाकून नमस्कार करतात आणि बँकेत नोकरीला लागतात. शिक्षक होणारी मुलं वेगळी असतात. कुणीतरी त्यांना शिकवण्याचं खरंखुरं काम लहानपणीच हातात दिलेलं असतं. निदान मी तरी अशीच या धंद्यात आले.

आमच्या बाईंचं अक्षर मोत्यासारखं वगैरे नव्हतं. गळा गाता नव्हता. पंधरा ऑगस्टचं भाषण त्या दरवर्षी गुरुजींवर ढकलायच्या. जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. गुरुजींकडे पहिली आणि तिसरी, बाईंकडे दुसरी आणि चौथी, एकाच खोलीत. चौथीला शुद्धलेखन द्यायचं आणि तेवढ्यात दुसरीचं गणित उरकायचं, मग उलट. अशा वर्गात बाईंना मदतनीस लागायचेच, आणि चौथीतल्या आम्हा दोघी-तिघींना दुसरीची मुलं वाटून दिलेली असायची. तुम्ही म्हणाल, यात विशेष काय, सगळीकडे असंच चालायचं. विशेष होतं ते काम देण्याच्या पद्धतीत.

एक मुलगा वजाबाकीत अडला होता. पाटीवर ५२ वजा २७, आणि उत्तर ३५. बाई मला म्हणाल्या, “त्याला उत्तर सांगायचं नाही. त्याने काय केलं ते विचार आणि मला येऊन सांग.” मी जाऊन बसले. तो म्हणाला, “सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.” मी म्हटलं, “अरे, वरच्यातून खालचा वजा करायचा असतो.” तो ठामपणे म्हणाला, “मोठ्यातून लहान जातो. बाईच म्हणाल्यात.”

मी चहाडी करायच्या उत्साहात बाईंकडे गेले. बाई ऐकून घेऊन क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बरोबर आहे त्याचं. मीच तसं म्हणते.” मग कपाटातून काड्यांचा डबा काढला. खराट्याच्या काड्या सारख्या तोडून त्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केलेले, त्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले रबर. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि हात पुढे केला. “मला सात सुट्या दे.” त्याच्याकडे दोनच. त्याने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बाई काही बोलेनात, आणि मला बोलायची बंदी. शेवटी त्याने एक गठ्ठा उचलला आणि विचारलं, “हा सोडू?” रबर काढला, काड्या सांडल्या. सात मोजून दिल्या, पाच उरल्या. मग दोन गठ्ठे दिले, दोन उरले. पंचवीस. पाटीवरचे पस्तीस त्याने स्वतःच थुंकी लावून पुसले.

दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या तोंडचं ‘मोठ्यातून लहान’ गेलं. त्याऐवजी त्या म्हणू लागल्या, “वरच्यातून एवढे द्यायचेत, पुरतात का बघा. नाही पुरत? मग गठ्ठा सोडा.” चौथीतल्या दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसेल. मला मात्र त्याचं केवढं आश्चर्य वाटलं! दुसरीतल्या एका पोराचं म्हणणं ऐकून मोठ्या माणसाने आपलं वाक्य बदललं होतं, आणि ते म्हणणं त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी मी होते. माझ्या घरात, नात्यात, गावात असं घडताना मी कधी पाहिलं नव्हतं. असं जिथे घडतं तिथेच आपण काम करायचं, हे बहुधा तेव्हाच मनात ठरून गेलं.

पुढे शिक्षणशास्त्राची पुस्तकं हाती आली तेव्हा कळलं, की त्या पोराची चूक जगप्रसिद्ध आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली वजाबाकीतल्या अशा चुकांवर मोठा निबंध लिहिला. मूल चुकतं तेव्हा ते बहुतेक वेळा अंदाजपंचे काही लिहीत नसतं. कुठलातरी नियम ते इमानाने पाळत असतं, फक्त तो नियम चुकीचा असतो, असा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ. आमच्या बाईंनी त्यांचं नावही ऐकलं नसणार. “काय केलंस ते सांग” एवढ्या एका वाक्यावर त्यांचं काम भागत होतं.

आता माझ्या गावातून जरा कोकणात चला, दापोलीजवळच्या मुरुडला. धोंडो केशव कर्व्यांचं नाव आपण स्त्रीशिक्षणाशी जोडतो. १८९६ चा अनाथ बालिकाश्रम, हिंगणे, १९१६ चं महिला विद्यापीठ, १९५८ चं भारतरत्न, हे सगळं शाळेत पाठ केलेलं असतं. पण हा माणूस मुळात शिक्षक होता. मुंबईत शाळांमधून शिकवून आणि शिकवण्या करून पोट भरलं, १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलं. आणि या शिक्षकाच्या मागे मुरुडच्या शाळेतले एक मास्तर होते, विनायक लक्ष्मण सोमण. १९१५ साली निघालेल्या ‘आत्मवृत्ता’त कर्व्यांनी त्यांचं ऋण मोकळेपणाने मान्य केलंय.

सोमण मास्तरांनी या मुलाला लोकसेवेवर व्याख्यानं दिली असतीलही. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी दिलेलं काम. गावातल्या लोकांना देवळात वर्तमानपत्र वाचून दाखवायची टूम मास्तरांनी काढली आणि वाचायला बसवलं ते या पोराला. कर्वे स्वभावाने अतिशय बुजरे, चारचौघांत तोंड उघडायची चोरी. अशा मुलाने गावातल्या थोरामोठ्यांपुढे बसून छापील मजकूर खणखणीत वाचायचा, आणि त्यांनी ऐकायचा! बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो हे असं कळतं. घरी कितीही “तू हुशार आहेस” म्हटलं तरी ते कळत नाही.

त्यांची साताऱ्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरुडहून पायी निघाला, ऐन पावसाळ्यात, सुमारे ११० मैल. तिथे पोहोचल्यावर परीक्षामंडळाच्या प्रमुखांनी वर-खाली पाहून सांगितलं, हा काही सतरा वर्षांचा दिसत नाही, याला बसू देता येणार नाही. अंगापिंडाने लहान, त्याला तो काय करणार? परत फिरावं लागलं. पुढच्या खेपेला कोल्हापूर केंद्रावरून परीक्षा दिली. ही गोष्ट आपण मुलांना जिद्दीचा धडा म्हणून सांगतो. मला त्यात आणखी एक दिसतं. समोरच्याला नीट न विचारता, त्याचं न ऐकता दिलेला निकाल मुलाच्या मनावर किती खोल बसतो, ते. साठीकडे झुकलेला माणूस आत्मचरित्रात तो प्रसंग तपशिलाने लिहितो.

आणि हे गृहस्थ वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ साली, परत प्राथमिक शाळेकडे वळले. ज्या गावांत शाळाच नाही तिथे ती निघावी म्हणून त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढलं आणि त्यासाठी दारोदार वर्गणी गोळा केली. विद्यापीठ उभारून झाल्यावर!

आमच्या बाईंच्या वर्गात होती ती, मुलांनी मुलांना शिकवायची रीत आपल्याकडची जुनी. ओसरीवरच्या शाळांत मोठी पोरं धाकट्यांना धुळाक्षरं गिरवायला बसवत. अठराव्या शतकाच्या अखेरीला अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने मद्रासकडे ती पाहिली, आपल्या अनाथालयात वापरली आणि १७९७ मध्ये तिच्यावर पुस्तक काढलं. इंग्लंडात ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून गाजली. तिकडे तिचा उपयोग थोड्या पैशांत भरमसाट मुलं शिकवायला झाला, त्यामुळे पुढे ती बदनामही झाली. पोरांवर वर्ग टाकून शिक्षक निवांत बसला की काय होतं, ते मीही पाहिलंय. काम देणं आणि काम टाकणं यात फरक आहे. बाई मला मुलाकडे पाठवायच्या, आणि मी काय घेऊन परत येते त्याची वाट बघायच्या.

तर पालकहो, घरात काय करता येईल? पहिलं म्हणजे “आज शाळेत काय शिकवलं?” हा प्रश्न जरा रजेवर पाठवा. त्याचं उत्तर “काही नाही” हेच येतं, तुम्हालाही माहीत आहे. त्याऐवजी कधीतरी विचारा, “आज तू कुणाला काही समजावलंस का?” उत्तर ‘हो’ आलं तर पुढे विचारा, तो कुठे अडला होता? बघा, मूल किती वेळ बोलतं ते. शिक्षक होणारं मूल दुसऱ्याच्या अडण्याबद्दल रंगून बोलतं. “मी सांगितलं आणि त्याला आलं” एवढ्यावर ते थांबत नाही. “त्याला आधी वाटत होतं की...” इथून त्याचं सुरू होतं.

धाकट्याचा अभ्यास मोठीवर सोपवताना मात्र सांभाळून. पुष्कळ घरांत ती फुकटची शिकवणी होऊन बसते. धाकट्याला मार्क कमी पडले की बोलणी मोठीला, आणि हे बहुतेक मुलींच्याच वाट्याला येतं. अशाने शिकवण्याचा वीटच येईल. “घर सांभाळून होते” हेही जरा बंद करूया. वर्गातल्या साठ डोळ्यांसमोर पाच-सहा तास उभं राहून, वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी येणारी बाई घर कसं सांभाळते, ते तिच्या घरच्यांना विचारा. मुलाने “मला शिक्षक व्हायचंय” म्हटलं की नोकरीच्या दर्जाची चिंता, मुलीने म्हटलं की सोयीचा आनंद. दोन्हींत शिकवणं कुठेच नाही.

दुसरं जरा नाजूक आहे. शिक्षकांबद्दल तुमच्या तक्रारी असतील, काही रास्तही असतील. त्या शाळेत येऊन जरूर मांडा. पण जेवताना मुलासमोर “त्यांना काय, फुकटचा पगार आणि सुट्ट्याच सुट्ट्या” असं म्हणू नका. सुट्ट्यांचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्यानेच जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुका ही कामं आमच्या गळ्यात ठेवली आहेत, आणि त्याबाहेरचीही पुष्कळ येऊन पडतात. ते असो. मुद्दा हा, की ज्या माणसासारखं आपल्याला व्हायचंय त्याची घरात टिंगल होते हे कळलं, की मूल त्या माणसाबद्दल घरी बोलणं बंद करतं.

आता पैशांचं बोलू. त्या आईंची काळजी मी टाळलेली नाही. महाराष्ट्रात अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत लागलं, तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ मध्ये त्यांचं मानधन वाढलं, ते प्राथमिकला महिना १६,००० रुपये, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,०००. त्याआधी वर्षानुवर्षं ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं. तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणी मिळते आणि मग संसार चांगला चालतो. पण तिथवर पोहोचणं सोपं नाही. पदविका किंवा पदवी, मग आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मग दोनशे गुणांची अभियोग्यता चाचणी, मग सरकारी भरतीच्या पवित्र पोर्टलवरची यादी. भरती दरवर्षी ठरल्या वेळी होईल याची खात्री नाही. २०१७ च्या अभियोग्यता चाचणीनंतर पुढची चाचणी झाली ती २०२३ मध्ये. मधली पाचहून अधिक वर्षं पोरांनी कशी काढली असतील! काहींनी विनाअनुदानित शाळांत नाममात्र पगारावर, काहींनी शिकवण्या घेऊन, काहींनी किराणा दुकानात उभं राहून. हे मुलाला सांगा. लपवून ठेवण्यासारखं त्यात काही नाही. फक्त ते सांगायची वेळ पहिल्याच दिवशी, पहिल्याच वाक्याला नको. आधी त्याला हे का वाटतंय ते ऐकून घ्या, आकडे तुमच्यापाशी आहेतच.

आणि घरच्यांचा शब्द दोन्ही बाजूंनी लागतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. त्यांना आधी इंजिनीअर व्हायचं होतं. ते जमेना, तेव्हा शिक्षक प्रशिक्षणाचं सुचवलं ते वडिलांनी. दर मुलाच्या नशिबी दहा लाख डॉलर नसतात, ते सोडा. पण एका बापाला हा पर्याय सुचला आणि तो त्याने बोलून दाखवला, एवढं तरी घ्या.

दहावीनंतर शाखा कोणती, हा प्रश्न हमखास येतो. शाखेची काळजी सध्या नको. त्याआधी एक गोष्ट बघा, मुलाला लहानांमध्ये रमायला आवडतं की मोठ्यांमध्ये. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर त्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही. नववी-दहावीला शिकवायचं तर आपल्या विषयाची पदवी आणि बी.एड. नव्या शैक्षणिक धोरणात बारावीनंतर चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रमही आलाय. गठ्ठे सोडणाऱ्या पोरासमोर बसण्याचं काम वेगळं आणि बीजगणितावर वाद घालणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांपुढे उभं राहण्याचं काम वेगळं. एकात रमणारा माणूस दुसऱ्यात कंटाळलेला मी पाहिलाय.

हे कळायला कलचाचणी लागत नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या पहिली-दुसरीतल्या एखाद्या मुलाचं वाचन घ्यायला सांगा, रोज वीस मिनिटं. पुस्तक त्या मुलाच्या आवडीचं असू द्या, चित्रांचं असलं तरी चालेल. तुम्ही मधे मधे डोकावू नका, आणि “आज किती पानं झाली?” असं तर मुळीच विचारू नका. चार दिवसांत कंटाळा आला तर हरकत नाही, तेही कळलेलं बरं. पाचव्या दिवशी तुमची लेक येऊन म्हणाली, “आई, तो ‘क्ष’ बघितला की थांबतो, पुढे जातच नाही, काय करू?” तर तिला उत्तर देऊ नका. सुट्टी संपल्यावर माझ्याकडे पाठवा. शनिवारी आमच्याकडे प्राथमिकच्या मुलांचा वाचनतास असतो, आणि तिथे हात नेहमीच कमी पडतात.